जीपीएस असताना बोटीवर उपग्रहाचा ट्रान्सपॉन्डर कशाला?

विचारणारे हर्णैचे तरुण बोटमालक आहेत. सहा सिलिंडरची ट्रॉलर, तांडेल (बोटीचा प्रमुख) धरून आठ माणसं, चार-पाच दिवसांची फेरी. प्रश्न असे: केबिनमध्ये जीपीएस आहे, मोबाइलवर नकाशा चालतो, वायरलेसही आहे; मग सरकारी योजनेतून मिळणारा उपग्रहाचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीची जागा उपग्रहावरून किनाऱ्याला कळवणारा डबा, कशाला? तो बसवला तर समुद्रातून घरी मेसेज जातील का? वडील म्हणतात की हे सगळं आपल्यावर नजर ठेवायला आहे, ते खरं का? आणि कुणीतरी दुबईहून आणलेला सॅटेलाइट फोन स्वस्तात देतोय, तो घ्यावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात तुरुंग आहे. घेऊ नका. का ते पुढे सांगतो.

मी बावीस वर्षं रत्नागिरीपासून देवगडपर्यंत बोटींवर वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर आणि आता हे ट्रान्सपॉन्डर बसवतो. या काळात एकच गैरसमज मला सगळ्यांत जास्त वेळा भेटला आणि तुमच्या पहिल्या प्रश्नातही तोच आहे: ‘जीपीएस आहे म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतंच की.’ कळतं, पण कुणाला?

जयगडचं दीपगृह रात्री तांडेलला दिसतं. त्यावरून आपण कुठे आहोत याचा अंदाज त्याला येतो. पण दीपगृहाला तांडेल दिसत नाही. जीपीएसचं अगदी तसंच आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत वेळ आणि आपली जागा सांगत असतात. निदान चार उपग्रहांचं ऐकून तुमचं यंत्र हिशेब करतं आणि अक्षांश-रेखांश पडद्यावर दाखवतं. यंत्र फक्त ऐकतं, ते वर काहीच पाठवत नाही. ‘नाविक’ या आपल्या देशाच्या जीपीएससारख्या व्यवस्थेचे उपग्रहही याच पद्धतीने जागा सांगतात. म्हणजे बोट बुडत असली तरी जीपीएस शेवटच्या क्षणापर्यंत बिनचूक आकडे दाखवत राहील आणि ते आकडे बोटीबरोबरच खाली जातील.

तेव्हा हे तीन वेगळे व्यवहार आहेत. आपण कुठे आहोत हे बोटीला कळणं हा पहिला. ते किनाऱ्याला कळणं हा दुसरा. आणि किनाऱ्याला कळलं आहे हे पुन्हा बोटीला कळणं हा तिसरा. पहिला स्वस्त आणि सोपा झाला, तो तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. सगळी अडचण दुसऱ्यात आणि तिसऱ्यात आहे, आणि ट्रान्सपॉन्डर त्यासाठीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, वायरलेस आहे ना. आहे, आणि तो काढू नका. पण वायरलेसच्या, म्हणजे व्हीएचएफच्या, लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. तुमचा अँटेना पाण्यापासून पाच मीटरवर आणि दुसऱ्या बोटीचाही तेवढाच धरला, तर दोघांमधलं बोलणं साधारण दहा सागरी मैलांपर्यंत चालतं. किनाऱ्यावरचा अँटेना डोंगरावर असला तर आणखी पुढे, पण साठ-सत्तर मैलांवर बसून भरवसा धरावा असं नाही. एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आसपासच्यांना आपोआप सांगणारं यंत्र, तेही याच व्हीएचएफवर चालतं, त्यामुळे त्यालाही हीच मर्यादा. मोबाइलचं तर विचारूच नका. जुन्या जीएसएममध्ये टॉवरपासून ३५ किलोमीटरच्या पुढे फोन तांत्रिकदृष्ट्याच चालत नसे. व्यवहारात दहा-बारा मैल बाहेर गेलं की दांड्या गळायला लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

हे अंतर म्हणजे काय ते ओखी वादळाच्या वेळी सगळ्या देशाने पाहिलं. नोव्हेंबर २०१७च्या शेवटी कन्याकुमारीजवळ वादळ तयार झालं, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या बऱ्याच बोटी आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. किनाऱ्यावर इशारे सुटत होते, पण ते ऐकायला जे हवे होते त्यांच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. डिसेंबरच्या सुरुवातीला यांतल्या ६८ बोटी ९५२ माणसांसह आपल्या सिंधुदुर्गात, देवगडला येऊन लागल्या. तिकडे त्यांच्या गावांत माणसं देवाला नवस बोलत होती आणि इकडे ही मंडळी सुखरूप होती. जीपीएस त्यांच्यापैकी बहुतेकांकडे होता. आपण देवगडला आलोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी ठाऊक नव्हतं.

ओखीनंतर दोन-तीन वाटांनी काम सुरू झालं. ऑक्टोबर २०१९मध्ये जेमिनी नावाचं छोटं यंत्र आलं. ते गगन या आपल्या उपग्रह-व्यवस्थेवरून हवामानाचे इशारे आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा मासळीच्या जागांचा अंदाज घेतं आणि ब्लूटूथने मोबाइलवर दाखवतं. उपयोगी गोष्ट, पण एकेरी वाट. किनारा बोलणार आणि बोट ऐकणार. ‘ऐकलं’ असं म्हणायची सोय नाही.

तुम्ही विचारताय तो ट्रान्सपॉन्डर दुहेरी आहे. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, त्याच्या देशभराच्या योजनेची सुरुवात झाली. सुमारे ३६० कोटींचा खर्च, १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख बोटी. तंत्र इस्रोचं आहे. बोटीवरचा डबा नाविक किंवा जीपीएसवरून आपली जागा काढतो आणि ठरावीक वेळाने ती वर उपग्रहाकडे फेकतो, तिथून ती किनाऱ्यावरच्या केंद्राकडे येते. याच कामाचा उपग्रह जीसॅट-६ हा २७ ऑगस्ट २०१५ला सोडला होता. त्याचा अँटेना अवकाशात गेल्यावर छत्रीसारखा उघडला, सहा मीटर व्यासाचा. वरची छत्री एवढी मोठी असल्यामुळेच तुमच्या टपावरचा डबा लहान असून चालतो. रेल्वेही हीच युक्ती वापरते: इंजिनावरचं यंत्र दर अर्ध्या मिनिटाला गाडीची जागा उपग्रहावरून कळवतं.

हा उपग्रह आपल्या दृष्टीने आकाशात एका जागी उभा असतो, जवळजवळ ३६ हजार किलोमीटर वर. हर्णैहून पाहिलं तर दक्षिणेकडे, थोडा पूर्वेला झुकलेला, आणि चांगला उंच. क्षितिजापासून पासष्ट अंशांच्या आसपास. हे लक्षात ठेवा, बसवताना कामाला येईल.

आता मेसेजचं. घरी व्हॉट्सॲप जाणार का? नाही. फोटो नाही, आवाज नाही, ‘जेवलास का’ नाही. का नाही, ते एका उदाहरणाने सांगतो, मग वाईट वाटणार नाही. संकटाच्या बीकनची एक जुनी जागतिक व्यवस्था आहे, कोस्पास-सारसॅट. तिचा बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर पन्नास सेकंदांनी एक हाक मारतो. हाक अर्ध्या सेकंदाची आणि तिच्यात सगळे मिळून १४४ बिट. मोबाइलवर मराठी साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत एका अक्षरखुणेला २४ बिट लागतात, काना-मात्रा वेगळ्या. ‘मदत करा’ लिहायचं तर मधल्या मोकळ्या जागेसकट १५२ बिट होतात. म्हणजे त्या अर्ध्या सेकंदात ‘मदत करा’सुद्धा मावत नाही! पण त्याच १४४ बिटांत बीकन कुणाचा, कोणत्या देशाचा, अक्षांश किती, रेखांश किती हे सगळं बसतं, कारण ते शब्दांत नाही, ठरलेल्या घरांत भरलेल्या आकड्यांत असतं. तार खात्यात सणाच्या शुभेच्छांना नंबर असायचे, तार करणारा नुसता नंबर द्यायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य छापून यायचं, ते आठवतं का? तुम्हाला नसेल, वडिलांना विचारा. हे तसंच आहे.

ट्रान्सपॉन्डरला बीकनपेक्षा थोडी जास्त जागा मिळते, त्यामुळे ब्लूटूथने मोबाइल जोडून छोटा मजकूर लिहिता येतो. तरी एकाच उपग्रहावर हजारो बोटी आहेत आणि प्रत्येकाने आपली पाळी येईपर्यंत थांबायचं आहे. वर जाऊन खाली यायला लहरीला पाव सेकंद पुरतो. उशीर होतो तो पाळीमुळे आणि पलीकडे मेसेज वाचणाऱ्या माणसामुळे. म्हणून खलाशांना सांगून ठेवा: एकदा पाठवलं की थांबा. उत्तर आलं नाही म्हणून दहा वेळा तेच बटण दाबलं तर रांग तुम्हीच लांबवताय.

इथे आणखी एक घोळ होतो. बोटीवर लाल बटणाचे दोन डबे असू शकतात आणि लोक दोघांना एकच समजतात. एक हा ट्रान्सपॉन्डर, जो रोज चालू असतो. दुसरा डॅट, संकटात वापरायचा, एरवी गप्प बसणारा. डॅट इस्रोचंच, २०१०पासून चालत आलेलं, वीस हजारांहून जास्त मच्छीमारांनी वापरलेलं. आग, बोट बुडणं, माणूस पाण्यात पडणं, आजारपण, जे असेल त्याचं बटण दाबायचं. हाक बंगळूरच्या केंद्रात जाते आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे, आपल्यासाठी मुंबईला. जुन्या डॅटमध्ये एक मोठी उणीव होती. बटण दाबलं की संपलं. आवाज वर गेला की वाऱ्यावर गेला, हे बोटीवर कुणालाच कळत नसे. जानेवारी २०२४मध्ये दुसऱ्या पिढीचा डॅट आला, त्यात किनाऱ्याकडून पोच येते.

ही पोच किती मोलाची आहे हे मला एका तांडेलाने समजावलं. इंजिनाचा शाफ्ट तुटला, बोट वाहवत चालली, रात्र. त्याच्या शब्दांत: ‘मिळाला असा मेसेज आला तोवर पोरं एकमेकांवर ओरडत होती. मेसेज आला आणि एकाने चहा टाकला.’ मदत पोचायला अजून सात तास होते, पण त्या सात तासांत कुणी वेडं धाडस केलं नाही, पिंप बांधून पोहत जायच्या गोष्टी केल्या नाहीत. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनीही जानेवारी २०२०पासून बीकनला अशी परतीची पोच द्यायला सुरुवात केली आहे. तिसरा व्यवहार म्हणतो तो हा.

जुन्या बीकनबद्दल एक आठवण सांगायचा मोह होतोय. सुरुवातीच्या बीकनमध्ये जीपीएस नसायचाच. मग जागा कशी काढत? रत्नागिरी स्टेशनावर उभे राहा आणि न थांबणारी गाडी शिट्टी वाजवत जाऊ द्या. येताना शिट्टी चढी ऐकू येते, पुढे गेली की उतरते. खालून जाणाऱ्या कक्षेतले उपग्रह बीकनची ‘शिट्टी’ अशीच ऐकायचे आणि ती कोणत्या क्षणी उतरली त्यावरून पाचेक किलोमीटरच्या आत जागा सांगायचे. १९८२मध्ये सोव्हिएत उपग्रहाने कॅनडात पडलेल्या एका छोट्या विमानाचा पत्ता असाच लावला. शीतयुद्ध ऐन भरात असताना! असो.

पाच किलोमीटर ऐकायला फार वाटत नाही, पण समुद्रात वेळ गेली की जागाही जाते. समजा बोट दोन नॉट, म्हणजे तासाला दोन सागरी मैल, वेगाने वाहवतेय आणि शेवटची खात्रीची जागा पाच तासांपूर्वीची आहे. म्हणजे ती त्या जागेपासून कोणत्याही दिशेला दहा मैलांवर असू शकते. शोधायचं क्षेत्र झालं तीनशे चौरस सागरी मैलांच्या वर. तीच जागा एक तासापूर्वीची असेल तर बारा-तेरा चौरस मैल. तटरक्षक दलाचं विमान दुसऱ्या हिशेबात एका फेरीत बोट शोधून काढेल, पहिल्या हिशेबात अंधार पडेल. फोनवर ‘आम्ही काल संध्याकाळी अमुक ठिकाणी होतो’ सांगणं आणि ट्रान्सपॉन्डरने सतत जागा कळवत राहणं यांत एवढा फरक आहे.

आता वडिलांच्या शंकेकडे. मी त्यांना खोटं ठरवणार नाही. हो, नजर राहते. माग काढणारी यंत्रणा एकदा बसली की तुम्ही मनाई असलेल्या पट्ट्यात गेलात, १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बाहेर पडलात, तर ते नोंदलं जाणार. मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी २००८मध्ये कुबेर नावाची मासेमारी बोटच पळवून आणली होती. तेव्हापासून कोणती बोट कुणाची आणि कुठे, हा प्रश्न सुटलेला नाही आणि सुटणारही नाही. हे सगळं फक्त तुमच्या भल्यासाठी आहे असं जो सांगतो तो तुम्हाला लहान मूल समजतो.

पण वडिलांच्या मनात खरी भीती बहुधा वेगळी असेल. तांडेलाची कमाई त्याच्या जागांवर असते. कोणत्या वावावर (खोलीवर), कोणत्या खडपाजवळ पापलेट लागतं हे तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. ट्रान्सपॉन्डरमुळे ते फुटेल का? इथे एक गंमत आहे. फुटेल अशी वस्तू एआयएस आहे, ट्रान्सपॉन्डर नव्हे. एआयएस उघड्यावर ओरडतं. ते ऐकणारं यंत्र कुणालाही विकत मिळतं आणि मोबाइलवरच्या ॲपवरही जहाजं दिसतात. ट्रान्सपॉन्डरची माहिती उपग्रहावरून केंद्राकडे जाते, शेजारच्या बोटीला ती दिसत नाही. खात्यातला माणूस ती पाहू शकतो, हे खरं. तो तुमच्या पापलेटाच्या मागे यायला तिथवर येणार नाही, एवढं मी म्हणू शकतो.

नजर दोन्ही बाजूंनी असते, हेही वडिलांना सांगा. टक्कर होऊन जाळं तुटलं, बोट हद्दीबाहेर गेल्याचा आरोप आला, तर आपण कुठे होतो याची नोंद आपल्याही बाजूने उभी राहते. पालघर-डहाणूची किती पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढतात, ते आपण वाचतोच. पाण्यावर सीमेची रेघ आखलेली नसते. ट्रान्सपॉन्डर सीमेजवळ गेल्यावर इशारा देतो. हर्णैच्या बोटीला याची गरज नाही, पण तुमचा एखादा खलाशी पुढच्या हंगामात ओखा-वेरावळला गेला तर त्याला आहे.

सॅटेलाइट फोन. भारतात परवान्याशिवाय तो बाळगणं हाच गुन्हा आहे, वापरणं दूरच. थुराया आणि इरिडियमच्या फोनवर तर बंदीच आहे. कायदेशीर वाट म्हणजे बीएसएनएलमार्फत मिळणारा इन्मारसॅटचा फोन, रीतसर कागदपत्रांनिशी. डोंगर चढणारे परदेशी लोक गळ्यात अडकवतात ती मेसेजची छोटी उपग्रह यंत्रंसुद्धा इथे चालत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रामुळे पाहुणे अडकले आहेत, आणि बिचाऱ्यांना आपण काय गुन्हा केला तेच कळत नव्हतं. आयफोनची उपग्रहावरून मदत मागायची सोय अमेरिकेत नोव्हेंबर २०२२पासून आहे, ती भारतात सुरू नाही. समुद्रातून थुराया चालू केला की त्याची लहर पकडली जाते आणि पुढची चौकशी तुमच्या बोटीवर येते. दुबईवाल्याला नमस्कार करा.

आता बसवणं. इथे मी लांबण लावणार आहे, कारण बावीस वर्षांत उपग्रह बिघडल्यामुळे बोट हरवलेली मी पाहिली नाही. वायर कुजल्यामुळे पाहिल्या आहेत.

मागे एका मालकाचा फोन आला: नारळी पौर्णिमा झाली, बोट बाहेर गेली आणि केंद्राकडून निरोप आला की तुमची बोट दिसतच नाही. चार दिवसांनी बोट धक्क्याला लागली तेव्हा मी गेलो. केबिनचा दिवा लागतोय, डब्यात वीज येतेय, वायर शाबूत. टपावर चढलो तर डोम, म्हणजे अँटेनावरचं प्लास्टिकचं घुमटासारखं झाकण, चकाचक चंदेरी! हंगामाआधी बोट रंगवताना खलाशाने उरलेला ॲल्युमिनियमचा रंग डोमवर मारला होता, ‘चांगला दिसतो म्हणून’. त्या रंगात ॲल्युमिनियमचा चुरा असतो. त्याने डोमला पत्र्याची टोपीच घातली होती. पॉलिशपेपर घेऊन दीड तास घासला, पांढरं प्लास्टिक दिसायला लागलं आणि दहा मिनिटांत बोट नकाशावर उगवली. तेव्हापासून मी प्रत्येक डोमखाली मार्करने लिहितो: ‘रंगवू नये’. तरी एकाने त्या अक्षरांवरूनच ब्रश फिरवला.

तुमच्या बोटीवर डोम केबिनच्या टपावर, सगळ्यांत मोकळ्या जागी हवा. वर आकाश दिसलं पाहिजे, विशेषतः दक्षिणेकडचं. पण बोट फिरते, त्यामुळे दक्षिण कोणत्याही बाजूला येऊ शकते. डोलकाठीला चिकटून लावला तर एका दिशेने जाताना काठी मधे येते आणि त्याच दिशेला बोट दोन तास चालली तर दोन तास गायब. एक्झॉस्टच्या पाइपापासून लांब, कारण काजळी आणि उष्णता दोन्ही वाईट. व्हीएचएफच्या अँटेनापासूनही निदान हातभर लांब. आणि टपावर जाळी वाळत घालायची सवय असेल तर डोमवर नको. कोरडं नायलॉन चालतं, पण ओल्या जाळ्याचा ढीग आणि त्यातली शिशाची वजनं चालत नाहीत.

वीज. बहुतेक बोटींवर एकच बॅटरी स्टार्टरलाही आणि सगळ्या यंत्रांनाही. स्टार्टर मारला की बारा व्होल्टची बॅटरी क्षणभर नऊवर येते, डबा बंद पडून पुन्हा चालू होतो आणि त्याला उपग्रह नव्याने शोधावे लागतात. एकदा ठीक. पण जाळं ओढताना इंजिन वारंवार बंद-चालू होणाऱ्या बोटीवर हे दिवसभर चालतं. शक्य असेल तर यंत्रांना वेगळी छोटी बॅटरी द्या. नसेल तर निदान वायर थेट बॅटरीपासून ओढा, दिव्याच्या वायरीला जोड मारू नका. वायरीची जाडीही बघा. बाजारातल्या एक चौरस मिलिमीटरच्या वायरीने दहा मीटर अंतर काढलं, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, आणि डब्याने दोन अँपिअर ओढले तर पाऊण व्होल्ट वाटेतच खर्च होतो. उतरलेल्या बॅटरीवर तेवढा पाऊण व्होल्टच कमी पडतो. अडीचची वायर घ्या, कथिल चढवलेल्या तांब्याची. साधं तांबं खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत आतून हिरवं पडतं. बाहेरून वेष्टण नवं कोरं आणि आत हिरवी भुकटी, हे मी शेकडो वेळा सोललंय. फ्यूज बॅटरीजवळ ठेवा, डब्याजवळ नाही. आणि वायर केबिनमध्ये शिरण्याआधी तिला बाहेर खाली एक झोल द्या, म्हणजे वायरीवरून येणारं पाणी झोलाच्या टोकाला गळेल, भोकातून आत जाणार नाही. दोन पैशांची युक्ती आहे आणि दहा बोटींपैकी आठांवर दिसत नाही.

शेवटची गोष्ट तारेची नाही, कागदाची. एका बोटीवरच्या नव्या खलाशाने डॅट पुसताना बटण दाबलं. जगभरात अशा बीकनांच्या बहुतांश हाका खोट्याच निघतात, त्यामुळे यात नवल नव्हतं. हाक गेली तसा किनाऱ्यावरून मालकाच्या नंबरावर फोन झाला. पण बोट तीन वर्षांपूर्वी विकली गेलेली आणि नोंदीत जुन्या मालकाचा नंबर! तो पुतण्याच्या लग्नात, मागे बँड वाजतोय. ‘माझी बोट कुठली, मी तर मुंबईत’ म्हणून त्याने फोन ठेवला. नशिबाने ती चूक होती. खरी हाक असती तर पहिली वीस मिनिटं त्या बँडमध्ये गेली असती. डबा बसवला त्याच दिवशी मत्स्यखात्याच्या कार्यालयात जाऊन बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, तुमचा नंबर आणि किनाऱ्यावर कायम असणाऱ्या आणखी एका माणसाचा नंबर बरोबर आहे का ते डोळ्यांनी पाहून या. घरातल्या बाईमाणसाचा नंबर द्या, ती फोन उचलते. चुकून बटण दाबलं गेलं तर गप्प बसू नका, तटरक्षक दलाला १५५४वर किंवा वायरलेसच्या १६ नंबर चॅनेलवर ‘चुकून दाबलं, सगळे सुखरूप’ एवढं सांगा. त्यासाठी कुणी रागावत नाही. न सांगितल्यावर रागावतात, आणि बरोबर रागावतात.

बोटीचे फोटो पाठवा. एक टपाचा वरून, एक बाजूने, डोलकाठी आणि एक्झॉस्टचा पाइप दोन्ही दिसतील असा, आणि एक बॅटरीच्या पेटीचा, झाकण उघडून. जागा कुठे धरायची ते मी फोटोवर खूण करून पाठवतो.